पृथ्वीचा जमाखर्च

पूर्वी प्रत्येक किराणा दुकानात गल्ल्याशेजारी एक लांबट वही असे. तिला रोजकीर्द म्हणत. दिवसभरात जे पैसे आले ते जमेच्या बाजूला लिहायचे, जे गेले ते खर्चाच्या बाजूला लिहायचे आणि रात्री दुकान बंद करताना बाकी काढायची. जमा, खर्च, बाकी, रोजकीर्द हे सगळे शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतले आणि अगदी आपलेसे केले. तुम्हांला तर ते घरचेच वाटतील. आजचा विषय थोडा अवघड आहे. पण तो याच शब्दांच्या आधाराने समजून घेता येतो. कारण पृथ्वीचीही एक रोजकीर्द आहे. तिच्यात पैशांचा नव्हे, तर उष्णतेचा हिशेब असतो.

प्रथम जमेची बाजू पाहू. पृथ्वीला मिळणारी जवळजवळ सगळी उष्णता सूर्याकडून येते. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. दिवस आणि रात्र, विषुववृत्त आणि ध्रुव, या सर्वांची सरासरी काढली तर पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला सुमारे ३४० वॅट एवढी ऊर्जा येते. यातली शंभरेक वॅट ढग, बर्फ आणि वाळवंटे आरशासारखी परत पाठवून देतात. उरलेली सुमारे २४० वॅट जमीन, पाणी आणि हवा शोषून घेतात. ही खरी जमा.

आता खर्च. उन्हात तापलेला दगड संध्याकाळी हातात घ्या. सूर्य मावळलेला असतो, तरी दगडातून ऊब बाहेर येत असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला जाणवते. या न दिसणाऱ्या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. पृथ्वीदेखील असाच एक तापलेला दगड आहे. ती रात्रंदिवस अवरक्त किरण अवकाशात सोडत असते. जितकी उष्णता आली तितकीच गेली, तर बाकी शून्य आणि तापमान स्थिर. हजारो वर्षे हा हिशेब जवळजवळ जुळत आला होता.

परंतु ही जाणारी उष्णता सरळ बाहेर जात नाही. वाटेत हवा आहे. हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतात. ते या किरणांना अडवत नाहीत. अडवतात ते फार थोड्या प्रमाणात असणारे वायू : पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. ते उष्णता शोषतात आणि तिच्यातली काही पुन्हा खाली पाठवतात. थंडीत आपण गोधडी पांघरतो. (गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून शिवलेले पांघरूण, तुमच्या घरी कदाचित रजई असेल.) गोधडी स्वतः काही तापत नसते. ती फक्त आपल्या अंगाची ऊब लवकर बाहेर जाऊ देत नाही. हवेतल्या या वायूंचे काम तसेच आहे. याचा अनुभव तुम्ही घेतलेला आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की रात्र कडक थंड असते आणि आकाश ढगाळ असले की रात्र उबदार जाते. ढगांनी जमिनीची उष्णता अडवलेली असते.

ही गोधडी वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सिअस असते आणि ना ज्वारी पिकली असती, ना आपण येथे असतो. आज ते शून्याच्या वर सुमारे १५ अंश आहे. प्रश्न गोधडी असण्याचा नाही. ती जाड होण्याचा आहे.

हे सगळे आजकालचे शोध आहेत असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरले, त्यांत तापमापक ठेवले आणि नळकांडी उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि सावलीत नेल्यावर थंड व्हायलाही त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला. अशा वायूचे वातावरण पृथ्वीला अधिक तापवील, असे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. त्यांचा निबंध सभेत दुसऱ्याच एका शास्त्रज्ञाने वाचून दाखवला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे तो बहुतेक विसरला गेला. तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी याच वायूंवर अधिक बारकाईने मोजमापे केली. कीर्ती त्यांना मिळाली. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियस यांनी महिनोन् महिने हाताने आकडेमोड करून दाखवले, की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचे शास्त्रज्ञ हा आकडा तीन अंशांच्या आसपास धरतात. आऱ्हेनियस यांना मात्र ही ऊब हवीहवीशीच वाटली होती. थंड देशातल्या माणसाला तसे वाटणे साहजिक आहे.

पण हवेतला कार्बन डायऑक्साइड खरोखर वाढतो आहे का, हे कोणी नेमके मोजले नव्हते. ते काम चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली सुरू केले. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. आसपास कारखाने नाहीत, शहर नाही, हवा स्वच्छ. तेथे कीलिंग यांनी आपले यंत्र बसवले. त्यांना आढळले, की दहा लाख भाग हवेत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड आहे. आणखी एक सुंदर गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. हा आकडा दरवर्षी मे महिन्यापर्यंत चढतो आणि मग सप्टेंबरपर्यंत उतरतो. पृथ्वीवरची बरीचशी जमीन उत्तर गोलार्धात आहे. तेथे उन्हाळ्यात झाडांना पालवी फुटते, ती हा वायू आत घेतात. हिवाळ्यात पाने गळून कुजतात आणि तो परत हवेत जातो. जणू पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते.

मात्र प्रत्येक वर्षाचा श्वास मागच्या वर्षापेक्षा वरच्या पायरीवरून सुरू होत होता. २०२४ साली हा आकडा सरासरीने ४२४ च्या आसपास पोहोचला. कीलिंग २००५ साली वारले. पण मोजणी थांबलेली नाही. त्यांचा मुलगाही याच कामात आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मौना लोआचा उद्रेक होऊन लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या पर्वतावर यंत्र लावून मोजणी चालू ठेवण्यात आली. मोजमापाची ही चिकाटी मला कोणत्याही मोठ्या शोधाइतकीच मोलाची वाटते. त्याआधीच्या काळाचा हिशेब अंटार्क्टिकाच्या बर्फात मिळाला. बर्फाच्या थरांत जुन्या हवेचे बुडबुडे अडकून राहिलेले आहेत. ते सांगतात, की कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हे प्रमाण सुमारे २८० होते आणि गेल्या आठ लाख वर्षांत ते कधीही आजच्या जवळपास आलेले नव्हते.

हा जास्तीचा वायू आला कोठून? उत्तर आपल्या राज्यातच शोधू. चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा तेथे दलदलीची दाट जंगले होती. त्या झाडांनी त्या काळचे ऊन आणि त्या काळचा कार्बन आपल्या अंगात साठवला. झाडे पडली, गाडली गेली, दाबली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. म्हणजे कोळसा हे जमिनीत पुरून ठेवलेले जुने ऊनच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, तेव्हा तिच्या वाफेच्या इंजिनाने असेच जुने ऊन जाळले होते. कोट्यवधी वर्षांत साठलेले मुद्दल माणसाने दोन-अडीचशे वर्षांत उधळायला घेतले. आज जगभरात कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. यातला साधारण निम्मा समुद्र आणि झाडे मिळून पोटात घेतात. उरलेला हवेत राहतो.

येथे एक कोडे घालतो. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो असते. पण ते जळल्यावर सव्वादोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे जास्तीचे वजन आले कोठून? थांबा, पुढे वाचू नका, आधी विचार करा. पेट्रोलमधल्या कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू आपल्याला चिकटवून घेतो. ते वजन हवेतले. शेजारच्या गावाला मोटारसायकलवर जाऊन येताना एक लिटर पेट्रोल संपले, तर आपण दोन किलोंहून अधिक वजनाची एक न दिसणारी पिशवी रस्त्यात रिकामी करून आलेलो असतो.

पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात, की ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे पृथ्वी तापते. हा गोंधळ आहे. ओझोनचा थर सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करतो. तो प्रश्न वेगळा. तो थर विरळ करणाऱ्या रसायनांवर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बंधने आली आणि थर आता हळूहळू भरून येतो आहे. दुसरे कोणी म्हणतात, सूर्यच अधिक तापला असेल. तसे असते तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा, स्थितांबर नावाचा थर थंड होतो आहे. गोधडी जाड झाली की असेच होणार : आत ऊब, बाहेर गारवा.

आता बाकी काढू. जमा तीच आहे. खर्चाच्या वाटेवर अडथळा वाढला आहे. त्यामुळे रोज काही उष्णता शिल्लक राहते. किती? दर चौरस मीटरला सुमारे एक वॅट. ऐकून हसू येईल. तुमचा वर्ग आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असेल, तर त्याच्या वाट्याला ४८ वॅट आले. छताचा साधा पंखासुद्धा याहून जास्त वीज खातो. पण पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. सगळीकडचा एकेक वॅट मिळवला, तर जगातील सर्व माणसे मिळून जितकी ऊर्जा वापरतात, तिच्या वीस पटींहून अधिक उष्णता नुसती शिल्लक राहते. तीही रोज, सुट्टी न घेता.

ही शिल्लक जाते कोठे? हवेत फारच थोडी, शंभरात एखादा भाग. काही बर्फ वितळवण्यात जाते, काही जमिनीत मुरते. शंभरातले नव्वद भाग समुद्र घेतो. भर दुपारी किनाऱ्यावर जा. वाळू पायांना चटके देते आणि पाणी मात्र गार असते. पाण्याला तापायला पुष्कळ उष्णता लागते आणि ते ती मुकाट्याने साठवत राहते. म्हणूनच गेली अनेक वर्षे आपल्याला या वाढीची पुरती झळ लागली नाही. समुद्राने आपले देणे स्वतःच्या खात्यावर लिहून घेतले होते.

ते देणे तो आता फेडून घेऊ लागला आहे. कोकणचा किनारा पाहा. अरबी समुद्रात पूर्वीही वादळे होत. पण बंगालच्या उपसागराच्या मानाने कमी. चक्रीवादळ वाढायला समुद्राचे वरचे पाणी साधारण २६-२७ अंशांहून उबदार लागते. त्याची वाफ होते, ती वर जाऊन थिजते आणि थिजताना साठवलेली उष्णता सोडते. ती उष्णता म्हणजे वादळाचे इंधन. गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचे पाणी एक अंशाहून अधिक तापले आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली आहे. तिच्यात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे निम्म्याने वाढलेली दिसली.

१ जून २०२० रोजी अरबी समुद्रात हवेच्या कमी दाबाचे एक साधे क्षेत्र होते. ३ जूनला दुपारी तेच 'निसर्ग' नावाचे तीव्र चक्रीवादळ होऊन रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दोन दिवसांत एवढी वाढ! श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. घराचे छप्पर एका पावसाळ्यात पुन्हा घालता येते. पोफळीचे रोप लावल्यापासून ते फळ धरेपर्यंत पाच-सहा वर्षे तरी जातात, आणि वाडवडिलांनी लावलेली बाग भरात यायला त्याहून कितीतरी जास्त. ज्यांची चूल बागेवर चालत होती, त्यांचे उत्पन्न एका दुपारीत नाहीसे झाले.

मराठीत एक जुना शब्दप्रयोग आहे : अस्मानी-सुलतानी. अस्मान म्हणजे आकाश. दुष्काळ, पूर, वादळ ही आकाशातून आलेली, म्हणजे अस्मानी संकटे. लुटालूट, जुलमी सारा ही राज्यकर्त्यांनी आणलेली, म्हणजे सुलतानी संकटे. शेतकरी या दोहोंना भीत असे. पण त्यांतला फरक त्याला ठाऊक होता. अस्मानीपुढे मान झुकवायची आणि सुलतानीविरुद्ध दाद मागायची. 'निसर्ग' वादळ कोणत्या खात्यात लिहावे? एकाच वादळाकडे बोट दाखवून हे माणसाने आणले, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, आणि ते योग्यच आहे. वादळे माणसाच्या आधीही होती. पण ज्या पाण्यावर ते पोसले, त्या पाण्यातली जास्तीची ऊब माणसाची आहे. तेव्हा निम्मे अस्मानी, निम्मे सुलतानी असे एक नवे खाते आपल्याला उघडावे लागेल. फरक इतकाच, की येथे सुलतान एक नाही. जगभरच्या चिमण्या, विमाने, मोटारी असा तो विखुरलेला आहे.

आणि प्रत्येकाचा वाटा सारखाही नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. आपल्या देशातही वातानुकूलित बंगल्यात राहणारा माणूस आणि पोफळीच्या बागेत राबणारा माणूस यांच्या हिशेबात मोठे अंतर आहे. उधारी एकाने करावी आणि वसुली दुसऱ्याच्या दारात यावी, असा हा व्यवहार आहे. म्हणून दरवर्षीच्या जागतिक परिषदांत श्रीमंत आणि गरीब देशांचे भांडण होते. २०१५ साली पॅरिसला करार झाला. तापमानातली वाढ २ अंशांच्या पुष्कळ खाली ठेवायची, शक्यतो दीड अंशाच्या आत, असे ठरले. २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या एका वर्षात ही वाढ दीड अंशाच्या थोडी पलीकडे गेली होती. कराराचा हिशेब अनेक वर्षांच्या सरासरीवर होतो, त्यामुळे करार मोडला असे अजून म्हणता येणार नाही.

मग खर्चाची बाजू मोकळी कशी करायची? गोधडीत नवे थर घालणे थांबवायचे, हा एकच उपाय आहे. त्यासाठी जुने ऊन जाळण्याऐवजी आजचे ऊन वापरावे लागेल. आजच्या उन्हाला तोटा नाही. वर्षभरात सारे जग जितकी ऊर्जा वापरते, जवळजवळ तितके ऊन पृथ्वीवर एका तासात येऊन पडते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात सौरवीज तयार होते, साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरतात. तरीही महाराष्ट्राची बरीच वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतूनच येते. हा बदल फुकट होणार नाही आणि कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या कुटुंबांचा प्रश्नही त्यात आहे.

नवा वायू सोडणे पूर्ण थांबले, तर तापमानाची वाढ बहुतांशी थांबेल, असे आजचे विज्ञान सांगते. मात्र ते लगेच खाली येणार नाही. हवेत गेलेल्या वायूचा मोठा भाग शेकडो वर्षे तेथेच राहतो. मुंबई-ठाणे गाडीच्या पहिल्या फेरीत जळलेल्या कोळशाचा काही अंश आजही आपल्या डोक्यावर आहे. १८५३ ची ती नोंद रोजकीर्दीतून अजून खोडली गेलेली नाही.

स्वाध्याय

१. 'गोधडी स्वतः काही तापत नसते.' या वाक्यातून लेखकाने हवेतील कोणत्या वायूंचे काम समजावले आहे?
२. युनिस फूट यांच्या प्रयोगाचे वर्णन पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. कारण लिहा : मौना लोआ येथील आकडा दरवर्षी मेपर्यंत चढतो आणि सप्टेंबरपर्यंत उतरतो.
४. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचा मराठीतील अर्थ थोडा वेगळा आहे?
५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणीच्या पावसाळ्याविषयी विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.